रविवारी ये, भांडण पण आण

ताई, आधी बातमी सांगते, रडणं मागाहून. विमान उडालं. तुझं ते लांब पंखांचं, पोटाला निळे पट्टे मारलेलं विमान काल रविवारी सकाळी चाकणच्या माळावर उडालं, आणि असं उडालं की मी अजून खाली उतरलेली नाही. आज ऑफिसला जाववलंच नाही. ताप आलाय असं कळवलं आणि मारुंजीच्या खोलीत बसून तुला लिहितेय. ताप कसला, नुसती उठतेय, फेऱ्या मारतेय, परत बसतेय. असली बातमी जिला सगळ्यात आधी फोन करून सांगायची, तीच नाही म्हटल्यावर माणसानं करायचं काय?

तुला जाऊन अजून महिनाही व्हायचाय. तुझ्या दिवसांना जमलेल्या बायका सांगत होत्या, शोभा किती सोशीक, कंपनीत क्वालिटीला असून घरात कधी काही कमी पडू दिलं नाही, हाताला चव तर अशी की विचारू नका. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. सोशीक? तू? आणि पोळ्या तर दाजीच करायचे. मला वाटत होतं, आता आतल्या खोलीतून गोंदानं माखलेले हात घेऊन तू बाहेर येशील आणि विचारशील, कुणाबद्दल बोलायलात? तू आली नाहीस. तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की तू गेलीस. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात बसले.

आपली ओळख काही नात्यागोत्यातली नव्हे. 'आभाळवाले' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपनं ती करून दिली. घरी विमानं बनवायची आणि रिमोटवर उडवायची, हा ज्यांचा नाद, असली ही मंडळी. कुणी भोसरीत फिटर, कुणी हिंजवडीत कंप्युटरवाला, कुणी दाताचा डॉक्टर. सगळे पुरुष. चाकणच्या पुढं राजगुरुनगरकडे जाताना डाव्या हाताला जो मोकळा माळ आहे, तिथं रविवारी सकाळी जमायचं. मी पहिल्यांदा गेले त्याच दिवशी तूही पहिल्यांदा आली होतीस. दोघींना एकाच दमात एकच प्रश्न विचारला गेला, मिस्टर कुठायत? माझे मिस्टर मुळात नव्हतेच. तू म्हणालीस, माझे घरी पोळ्या लाटायलेत, काही काम होतं का? मी तिथंच ठरवलं की या बाईला सोडायचं नाही.

ग्रुपवरची निम्मी मस्करी बायकांवरच चालायची, आठवतं? नवी मोटर घेतली की खाली ठरलेलं, 'भावा, वहिनीला किंमत सांगू नकोस.' विमान पडलं की, 'बायकोनं नजर लावली.' म्हणजे वाचणाऱ्या प्रत्येकाला एक बायको आहे, ती घरी आहे आणि ती शत्रुपक्षात आहे, असं गृहीतच. मी चिडायचे. तू लिहायचीस, 'मलापण एक बायको पाहिजे राव, आल्यावर आयता चहा मिळंल.' सगळे हसायचे, अंगठे दाखवायचे, आणि पुढच्या मोटरीला पुन्हा तेच लिहायचे.

पण खरा राग यायचा तो फोटोंच्या वेळी. गोंदाचा पहिला थेंब ते शेवटचा स्क्रू, सगळं तुझ्या हातचं. भंगारवाल्याकडून पॅकिंगचा फोम निवडून आणायचीस, तापलेल्या तारेनं पंख कापायचीस, हातावर फोड यायचे. फोटो टाकलास की पहिली प्रतिक्रिया, 'मिस्टरांनी छान बनवलंय.' दुसरी, 'ताई, गुलाबी रंग द्या.' तिसरा कुणीतरी आडून तुझ्या नंबरवर, 'हाय डिअर, उडवायला शिकवू का?' तुझं वय पन्नाशीचं, म्हणून माझ्या मानानं तुला असले मेसेज कमी, एवढंच आपलं समाधान. कौतुकही भरपूर व्हायचं, अगदी नमस्कारापर्यंत. नव्हता तो फक्त प्रश्न. पंख इतका लांब का घेतलास, वजन कुठं तोललंस, शेपूट एवढी वर का? बाकी कुणी विमान टाकलं की असल्या प्रश्नांचा पाऊस. तुझ्या विमानाला इतक्या वर्षांत एकानं एक प्रश्न विचारला नाही. तू एकदाच म्हणाली होतीस, 'कौतुक नको गं, शिवी पण चालंल. कुणीतरी नीट काहीतरी विचारा.'

आणि ती ओवाळणी. जगात कुठल्या विमानवाल्यांत अशी पद्धत नसेल, पण आपल्याकडं खंडेनवमीला मशिनीला हार घालणारी माणसं, त्यांना नवं विमान ओवाळल्याशिवाय कसं उडवावं? नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि मग ताट कुणी धरायचं? आपण दोघी असताना दुसरं कोण धरणार? माळावर वाऱ्यात निरांजन टिकत नाही म्हणून तू सेलवरची पणती आणायचीस. 'ओवाळते, पण मला मग पाच मिनिटं उडवायला द्यायचं,' हे तुझं दरवेळचं मागणं आणि 'व्हय व्हय ताई' हे आण्णांचं दरवेळचं उत्तर.

आण्णा म्हणजे ग्रुपचे मालक म्हण, देव म्हण. चाकणच्या जुन्या गाववाल्यांपैकी, सारा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेला. नवं विमान कुणाचंही असो, पहिलं उड्डाण आण्णांच्या हातून, हा ग्रुपचा कायदा. ते विमान वर नेणार, गोल फिरवणार, सगळं ठीक आहे असं वाटलं की विमान हवेत असतानाच गळ्यातला रिमोट काढून ज्याचं विमान त्याच्या हातात देणार. 'घे भावा, आता तुझं.' त्या चार शब्दांसाठी पोरं महिनामहिना गोंदात हात घालतात. मी वयानं वाढलेल्या गड्यांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी पाहिलंय. तुझी विमानंही आण्णांनी वर नेली, गोल फिरवली आणि गुपचूप खाली उतरवून तुझ्या हातात ठेवली. 'छान उडतंय, ताई.' हवेत रिमोट तुला कधी मिळाला नाही. माझ्या विमानांचंही तेच.

त्यात तुझा रिमोट वेगळा. हे जो कुणी वाचेल त्याच्यासाठी सांगते, तुला काय सांगायचं. रिमोटवर दोन दांड्या असतात. ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांची डावी दांडी मोटरची, वेग कमीजास्त करायची, आणि उजवी विमान वळवायची, वरखाली करायची. तू डावखुरी. तू रिमोट मागून उघडलास, आतल्या स्प्रिंगा इकडच्या तिकडं केल्यास आणि सगळं उलटं करून घेतलंस. मोटर उजव्या हाताला, वळणं डाव्या हाताला. ग्रुपवर फोटोसकट लिहिलंस, डाव्या हातासाठी असं असं केलंय, अजून कुणी केलंय का? उत्तरं आली, 'वॉव ताई', 'मिस्टर हौशी दिसतात', आणि एकानं बजावलं, 'रिमोट लहान मुलांपासून लांब ठेवा.' वाचलं कुणी? आण्णांनीसुद्धा नाही. ते तुझं विमान नेहमी स्वतःच्याच रिमोटला जोडून उडवायचे.

मग शिकलीस कशी? पाडून पाडून. रविवारी दुपारी मंडळी पांगली की तू माळावर मागं राहायचीस. मीही राहायचे. तुझ्या हातून इतकी विमानं पडली की त्यांचे तुकडे भरायला तू वेगळी पिशवी आणायला लागलीस. तू काही फार मोठी उडवणारी नव्हतीस, हे आज खरं बोलून टाकते. उतरवताना तर दरवेळी डोळे मिटायचीस. पण एका दुपारी माझं विमान वर असताना तू गळ्यातला पट्टा काढलास, माझ्या डोक्यातून घातलास आणि म्हणालीस, 'घे, आता तुझं. पाडलंस तरी तुझंच.' मी ओरडत राहिले, घे परत, घे परत. विमान मात्र पडलं नाही. उजव्या हाताची मी, तुझ्या डाव्या रिमोटवर शिकले, आणि शिकले ती उलटंच शिकले.

त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. एकदा मी फारच मागं लागले म्हणून आण्णांनी आपला रिमोट दोन मिनिटं माझ्या हातात दिला. मी सवयीनं विमान वर घ्यायला डावी दांडी मागं ओढली. त्यांच्या रिमोटवर तिथं मोटर. ती बंद पडली, विमान नाक खाली करून सुटलं, आण्णांनी रिमोट हिसकावला म्हणून ते वाचलं. मी सांगायला गेले की माझा हात उलटा बसलाय. कुणी ऐकेना. आठवडाभर ग्रुपवर स्कूटी भिंतीत घालणाऱ्या बायकांचे व्हिडिओ येत होते, खाली माझं नाव.

तेव्हा माझा बांध फुटला. लांबच्या लांब मेसेज लिहिला. फोटोंचं, ओवाळणीचं, 'हाय डिअर'चं, सगळं. उत्तरं काय आली ते तुला पाठ आहे. 'मस्करी होती मॅडम.' 'लेडीज आल्या की ग्रुप सिरियस होतो.' 'सगळेच तसे नसतात.' मी ग्रुप सोडला. मला खात्री होती की माझ्यामागोमाग तूही सोडशील. तू सोडला नाहीस. उलट त्याच संध्याकाळी नव्या पंखाचा फोटो टाकलास.

चिंचवडला तुझ्या गॅलरीत आपण जे भांडलो ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हटलं, तू हसतेस म्हणून ते बोलतात. तू हातातली तार खाली ठेवलीस. 'मी हसते म्हणून मी टिकले,' म्हणालीस. 'पंचवीस वर्षं कंपनीत टिकले, हितंबी टिकंन. माळ त्यांचा असंल, आभाळ काय त्यांच्या बापाचं आहे का? मी कशाला उठून जाऊ?' मी म्हटलं, टिकून काय मिळालं? ओवाळणीचं ताट. तू तार उचललीस आणि पुन्हा पंख कापायला लागलीस. दाजींनी चहा आणून ठेवला आणि तो तसाच गार झाला. मी निघाले तर दारापर्यंत आली नाहीस.

नंतरही फोन होत राहिले, पण त्या विषयाला हात न लावता. मग एका शुक्रवारी तुझा मेसेज आला. गॅलरीत टांगलेलं हे पूर्ण झालेलं विमान, आणि खाली दोन वाक्यं. 'रविवारी ये. भांडण पण आण.' रविवार उजाडला, पण तू नव्हतीस. शनिवारीच छातीत कळ आली आणि सगळं आटपलं. ताई, मी भांडणाची तयारी करून ठेवली होती गं. चांगले मुद्दे काढले होते. ते आता कुणाशी बोलू? मला राग येतो तुझा. आधी कधी वेळेवर आली नाहीस आणि जाताना एवढी घाई.

एक कबूल करायला हवं. तुला स्मशानात नेलं तेव्हा आभाळवाले सगळेच्या सगळे आले होते, आणि खांदा द्यायला आण्णा पुढं होते. रडत होते. 'हाय डिअर'वालाही फुलं घेऊन आला होता. मी त्यांना एका रंगात रंगवायला बसते आणि ती माणसं अशी वागून माझी पंचाईत करतात.

पण फार काळ नाही. चारपाच दिवसांनी दाजींचा फोन आला, जरा ये, मला काही उमगेना. गेले तर त्यांनी मोबाइल पुढं केला. तुझा नंबर बंद झाला म्हणून ताईंच्या जागी दाजींना ग्रुपमध्ये घेतलं होतं. स्वागताला हार, फुलं, हात जोडलेले. 'सर, ताईंना तुम्ही शिकवलंत, आता आम्हालाही शिकवा.' मला हसावं की रडावं कळेना. दाजी म्हणाले, 'मला काय कळतंय त्यातलं? तिनं मला कधी गोंदाची बाटलीसुद्धा धरू दिली नाही.' त्याखाली ठरलेला बेत होता. ताईंना श्रद्धांजली म्हणून ताईंचं शेवटचं विमान दिवस झाल्यावरच्या रविवारी आण्णांच्या हस्ते उडवायचं. कुणीतरी लिहिलं होतं, 'आण्णांच्या हातून विमानाला सद्गती मिळेल.'

दाजींनी गॅलरीतून विमान काढलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. रिमोटही दिला. 'कुणी उडवायचं ते तुम्ही ठरवा,' म्हणाले. 'पण उडायला पाहिजे. टांगून ठेवलेलं विमान मेलेलं असतं, असं ती म्हणायची. आणि हे मोडलं तर तिच्या हातचं दुसरं नाही, तेवढं ध्यानात असू द्या.' ताई, आठवडाभर मला झोप नीट नाही. ग्रुपमध्ये मी नाही, माळावर जाऊन वर्ष होत आलेलं, आणि तुझं एकुलतं एक विमान माझ्या कपाटावर.

काल सकाळी मी आणि दाजी रिक्षानं गेलो. विमान मांडीवर आडवं, पंख रिक्षाच्या बाहेर. माळावर सगळे जमलेले. तुझा हार घातलेला फोटो एका टेबलावर. माझ्याशी सगळे नीट बोलले. विमान चादरीतून काढलं आणि सगळे भोवती गोळा झाले. इतकं देखणं काम त्यांनी हातात घेऊन कधी पाहिलंच नव्हतं. मग दाताचे डॉक्टर पुढं झाले, दाजींचा हात हातात घेऊन म्हणाले, सर, काय काम केलंय तुम्ही. दाजींनी हळूच हात सोडवून घेतला.

मी म्हटलं, मी उडवणार आहे. कुणी रागावलं नाही, उलट सगळे फार मायेनं बोलले, तेच जास्त टोचतं. मॅडम, तुमची मनःस्थिती नाही. भावनेच्या भरात हात चुकतो. मागच्या वेळचं आठवतंय ना. आण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'पोरी, हे शेवटचं हाय. पडलं तर जलमभर मनाला खात ऱ्हाईल. आण इकडं.' आणि ताई, माझ्या हातातून रिमोट गेला. कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही. आजवर दर रविवारी जसा जायचा तसाच गेला. आपला रिमोट जोडायला ते आपल्या पेटीकडं वळले आणि थांबले. 'आज ताईंच्याच रिमोटवर उडवू,' म्हणाले. 'ताईंची आठवण.' पट्टा गळ्यात घातला.

आता खरं सांगते. मला काय होणार ते दिसलं. आण्णा सवयीनं मोटरीसाठी डावी दांडी पुढं ढकलणार आणि उजवीनं विमान सावरायला जाणार. तुझ्या रिमोटवर दोन्ही उलटं. हातातून सुटलं की विमान तोंडावर आपटणार, आण्णांच्या हातून, सगळ्यांसमोर, सगळ्यांच्या मोबाइलचे कॅमेरे चालू असताना. आणि मला, तुझ्या प्रज्ञाला, चक्क आनंद झाला. बोलू नकोस, म्हटलं. पडू दे. वर्षाचा हिशोब एका क्षणात. स्कूटीचे व्हिडिओ आता त्यांच्या नावानं येऊ देत.

मग मी विमानाकडं बघितलं. पंखाच्या टोकाशी तुझ्या अंगठ्याचा ठसा गोंदात वाळलेला आहे, तुला माहीत होतं का? मी तो कपाटावरच पाहिला होता. मी म्हटलं, 'आण्णा, थांबा. मोटर कुठल्या हाताला आहे?'

'डाव्या. आनि कुटं?'

'उजव्या.'

ते हसले. मग विमान दाजींनी घट्ट धरून ठेवलं आणि आण्णांनी डावी दांडी हळूच पुढं केली. मोटर ढिम्म. शेपटीची पट्टी तेवढी खाली झुकली. त्यांनी उजवी दांडी केसभर पुढं केली आणि नाकाचा पंखा असा गरगरला की दाजी दचकून मागं सरले. आण्णांनी दांडी मागं घेतली, रिमोट उलटा करून मागचे स्क्रू पाहिले. टूलरूमचा माणूस, त्याला उघडलेला स्क्रू लगेच कळतो.

'असं का केलं ताईनं?' त्यांनी विचारलं.

ताई, प्रश्न आला. तुझ्या विमानाला अखेर कुणीतरी नीट प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला तू नाहीस. मी सांगितलं, डावखुरी होती. स्प्रिंगा स्वतः बदलल्या. ग्रुपवर फोटो टाकला होता. मी हिच्यावरच शिकले, म्हणून तुमच्या रिमोटवर माझा हात चुकला. आण्णा खाली बघत होते. 'मला ठावं न्हवतं,' म्हणाले. मी म्हटलं, 'तुम्ही विचारलं नाहीत.' यापेक्षा चांगले मुद्दे मी काढून ठेवले होते, पण तोंडातून एवढंच आलं, आणि तेवढं पुरलं. आण्णांनी पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला.

तेवढ्यात मागून कुणीतरी, सवयच ती, विचारलं, मॅडम, ताट आणलंय का? आणलं होतं. तुझीच सेलवरची पणती. मी म्हटलं, माझे हात अडकलेत, आण्णा, तुम्ही ओवाळा. ताई, तू हे बघायला पाहिजे होतंस. एवढा धिप्पाड माणूस, ताट कुठल्या बाजूनं फिरवायचं ते त्याला ठाऊक नाही. दाजींनी मागून हात धरून फिरवून दिलं. अक्षता विमानापेक्षा आण्णांच्याच डोक्यावर जास्त पडल्या. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले.

मग आण्णांनी विमान उचललं, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहिले आणि फेकलं. असं फेकलं, ताई, की त्या फेकीसाठी त्यांचं मागचं निम्मं माफ. मी उजवा अंगठा पुढं केला आणि ते गेलं. गेलं म्हणजे गेलंच. माझ्या तोंडातून कसलातरी आवाज निघाला, दाजी 'अगं अगं अगं' करत होते, माळावरच्या टिटव्या ओरडत उठल्या. वर गेल्यावर त्याचे निळे पट्टे दिसायला लागले आणि मला कळलं, तू ते पोटाला का मारलेस. खालच्या माणसाला दिसावेत म्हणून.

उतरवताना काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण मोठी गोष्ट मला शेवटी सांगायचीय. मी डोळे मिटले. तुझीच शिष्या. डावा पंख दगडाला घासला आणि टोकाचा टवका उडाला. अंगठ्याचा ठसा आहे तो उजवा पंख, तो शाबूत आहे. लगेच दहा जणांनी दहा सल्ले दिले, कुठला गोंद, किती वेळ दाबून धरायचा. एक म्हणाला, आण्णांनी फेकलं म्हणून सरळ गेलं. संध्याकाळी हेच त्यानं ग्रुपवर लिहिलं आणि खाली अंगठे आले. तेव्हा तुझं खरं की माझं खरं, ते अजून ठरलेलं नाही. पण त्याखाली दाजींनी एक एक अक्षर शोधत लिहिलं, 'मी पोळ्या करतो. विमान शोभा करायची.' मला परत ग्रुपमध्ये घ्यायचं का, असं आण्णांनी दाजींना विचारलंय. मी दाजींना म्हटलं, ते मला विचारा म्हणावं.

आता ती गोष्ट. विमान चांगलं उंच गेलं होतं. मी मोटर बंद केली. एवढ्या लांब पंखांचं विमान मोटरीशिवाय तरंगतं, पण वजन काट्यावर तोलल्यासारखं बरोबर मांडलेलं असेल तरच. तुझं मांडलेलं होतं. माझ्या हातांना काही करावंच लागत नव्हतं. इतकं शांत झालं की हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. आणि मला आठवलं की ग्रुपचा कायदा अजून पुरा व्हायचाय. पहिलं उड्डाण कुणीही करो, हवेत असतानाच विमान ज्याचं त्याच्या हातात द्यायचं असतं. तुला ते कधीच कुणी दिलं नव्हतं.

मी मान वर करून म्हटलं, 'घे ताई, आता तुझं.' आणि दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलले.

मागं एकच गलका झाला. मॅडम, हात, हात. कुणीतरी धावलं. आण्णांनी हात आडवा घालून त्याला अडवलं. सगळे वर बघत राहिले. विमान किंचित झुकलं, सावरलं आणि माळावरून सरळ रेषेत चालत राहिलं, कुणाचाही हात नसताना.

'कोन चालवतंय मग?' आण्णा हळूच म्हणाले.

मी म्हटलं, 'जिनं बनवलंय ती.'